हजेरीपटावर कोण कोण?

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयातून सगळ्या जिल्ह्यांना एक पत्र गेलं. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव पाठवा, असा त्याचा आशय. अशा शाळा तेव्हा १४ हजारांच्या वर होत्या. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचे आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचे समूह शाळेचे प्रयोग नमुना म्हणून पुढे ठेवले गेले. शिक्षक संघटना विरोधात उभ्या राहिल्या, वाद बराचसा शाळा बंद पडणार की नाही याभोवतीच फिरला. पण त्या प्रस्तावामागे जे कारण दिलं जात होतं, त्यावर फारसं कुणी बोललं नाही. कमी पटाच्या शाळेत मुलांना सवंगडी मिळत नाहीत, सांघिक खेळ होत नाहीत, गॅदरिंग होत नाही. थोडक्यात, मुलांचं सामाजिकीकरण होत नाही, असं ते कारण होतं.

हे कारण असं वाऱ्यावर सोडून देण्यासारखं नाही. शाळा लिहा-वाचायला शिकवते हे खरंच, पण ती तेवढ्यासाठीच नसते. करोनाच्या काळात मुलं पडद्यासमोर बसून गणितं सोडवत होती. शाळा पुन्हा भरल्यावर शिक्षकांच्या तक्रारी गणिताइतक्याच वागण्याच्याही होत्या. आपला नंबर येईपर्यंत थांबवत नाही, दुसऱ्याचं ऐकून घेववत नाही, जरा धक्का लागला की हात उचलला जातो.

घरात मूल आपल्या माणसांत असतं. त्याचा रुसवा सगळ्यांच्या ओळखीचा असतो, आवडनिवड सांभाळली जाते. शाळेत पहिल्यांदा त्याला अशा कुणाशेजारी बसावं लागतं ज्याला त्याने निवडलेलं नाही, ज्याच्या घरी आपले आईवडील कधी चहाला गेलेले नाहीत, ज्याच्या डब्यात भलतीच भाजी असते. त्याच्याशी भांडायचं, त्याच्याकडेच रबर मागायचं, आणि मधल्या सुट्टीत कबड्डीला एकाच बाजूने उतरायचं. परक्या माणसाला आपल्याइतकाच हक्क आहे हे अंगवळणी पडण्याची ही पहिली जागा. पुष्कळांच्या बाबतीत शेवटचीही, कारण पुढे सोसायटी, मित्रमंडळ, लग्न सगळं आपापल्यांतच जुळतं. म्हणून पट किती एवढंच मोजून भागत नाही. त्या पटावर कोणाकोणाची नावं आहेत हेही पाहावं लागतं, आणि शासनाने नेमकं तेच पाहिलेलं नाही.

पट घटला कसा, ते गावात सकाळी साडेसातला पारापाशी उभं राहिलं की दिसतं. पिवळी बस येते. तिच्यात बागायतदाराची मुलं चढतात, दुकानदाराची, पतसंस्थेतल्या कारकुनाची आणि जिल्हा परिषदेच्या गुरुजींचीही. बस तालुक्याच्या इंग्रजी शाळेकडे निघून जाते. साडेदहाला गावातली शाळा भरते तेव्हा तिथे येतात शेतमजुरांची मुलं, वीटभट्टीवरची, दलित वस्तीतली, पालावरची. ऊसतोड लागली की त्यातलीही काही दिवाळीनंतर दिसेनाशी होतात. आणि येतात मुली. एकाच घरातला मुलगा पिवळ्या बसमध्ये आणि त्याची सख्खी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत, ही वाटणी इतकी सर्रास झाली आहे की त्याबद्दल कुणी खुलासाही मागत नाही. त्या मुलीला सहाव्या वर्षीच घरात आपली किंमत किती ते कळलेलं असतं. तिचं सामाजिकीकरण झालेलं असतं, शाळेत पाऊल ठेवण्याआधीच.

आता अशा तीन शाळांतली अठरा-अठरा मुलं एकत्र केली तर चोपन्न होतील. कबड्डीचे दोन संघ होतील, गॅदरिंगही होईल. पण वर्गात बसलेली मुलं पूर्वीसारखीच एका थरातली राहतील, आणि पिवळ्या बसमधली पन्नास मुलं दुसऱ्या थरातली. दोघांनाही सवंगडी भरपूर, पण एकमेकांची ओळख नाही. शिवाय पहिली-दुसरीच्या मुलांना घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे हा शिक्षण हक्क कायद्याखालचा नियम उगाच आलेला नाही. मधे ओढा असेल, पावसाळ्यात रस्ता तुटत असेल, तर गाडीची हमी कागदावर राहते आणि आधी मुलींची शाळा सुटते.

बरं, छोटी शाळा मुलांना माणसांत मिसळायला शिकवत नाही, हेही सरसकट खरं नाही. डोंगरातल्या एका वस्तीवरची द्विशिक्षकी शाळा मी पाहिली आहे. चारही इयत्ता एका खोलीत. चौथीतली एक मुलगी पहिलीतल्या पोराला बाराखडी गिरवून घेत होती. ते पोरगं पाटीवरचा ‘ई’ दर वेळी उलटा काढायचं. तिने तीनदा पुसला, चौथ्यांदा त्याचा हात धरून काढून घेतला, आणि मग गुरुजींकडे न बघता म्हणाली, “आता हा तुझा.” खिचडी आल्यावर तीच वाढायला उभी राहिली आणि आपलं ताट सगळ्यांत शेवटी घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या आधीच्या चौथीने जे केलं तेच ती करत होती. चाळीस मुलांच्या एकाच वयाच्या वर्गात ही जबाबदारी कुणाच्या वाट्याला येत नाही. त्या शाळेत कमतरता होत्या, पण मुलांना एकमेकांचं काही पडलेलं नाही असं मात्र नव्हतं.

शाळा मुलांना समाजात आणते म्हणजे कोणत्या समाजात आणते, याचं उत्तर महाराष्ट्राला साताऱ्याने दोनदा दिलं आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. नाव पटावर आलं, पण मुलगा वर्गात सामावला गेला नाही. घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसायचं. ते गोणपाट शाळा झाडणारा नोकरही शिवायचा नाही, म्हणून संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी प्यायचं. शिपाई हजर नसेल तर तहानलेलं राहायचं. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या शाळेत सामाजिकीकरण होत नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. ते रोज, चोख होत होतं. बाकावर बसलेला प्रत्येक मुलगा वर्गातलं गोणपाट बघत बघत मोठा होत होता, आणि त्यालाच जग म्हणत होता.

त्याच साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुलं एका पंगतीला जेवत, दळण-पाणी आणि स्वयंपाकातली कामं वाटून घेत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. पोरांच्या पोटासाठी पैसे उरले नाहीत तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. दोन घटनांत अंतर चोवीस वर्षांचं. एवढ्यात साताऱ्याचे लोक बदलले नव्हते; गावोगावचे पाणवठे तेव्हाही वेगळेच होते. तरीही आजूबाजूच्या समाजापेक्षा वेगळा समाज एका छपराखाली उभा राहू शकला, कारण तो उभा करायचाच असं चालवणाऱ्यांनी ठरवलं होतं.

मधला दुवा कोल्हापूरचा, आणि तो सरळ नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून जी वसतिगृहं काढली ती बहुतेक जातवार आणि धर्मवार होती. आज ते खटकतं. पण खेड्यातून आलेल्या पोराला तेव्हा शहरात कुणी खोली देत नव्हतं, आणि आपल्या माणसांचा आधार दिसल्याशिवाय बाप पोराला गावाबाहेर सोडत नव्हता. शाळेच्या बाबतीत मात्र महाराजांनी निराळी रेघ आखली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. निवारा वेगळा असला तर एक वेळ चालेल, वर्ग वेगळा चालणार नाही, असा त्याचा अर्थ होतो. भाऊराव त्याच कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहून शिकले होते. त्यांनी निवाराही एक केला.

ही परंपरा आपण जयंत्यांना आठवतो आणि प्रवेशाच्या वेळी विसरतो. शिक्षणाचा विचार करायला नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६६ मध्ये देशापुढे समान शाळा पद्धती ठेवली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. खेड्यातली शाळा त्यांनी आतून पाहिलेली होती. परिसरातल्या सगळ्या मुलांनी परिसरातल्याच शाळेत जावं, असं आयोगाचं म्हणणं होतं. त्यामागचा एक युक्तिवाद अतिशय व्यवहारी होता. ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांची मुलं सरकारी शाळेत असतील, तरच ते लोक ती शाळा चांगली ठेवायला भाग पाडतील. १९६८ च्या शैक्षणिक धोरणात समान शाळेचं तत्त्व मान्य झालं. पुढच्या पन्नास वर्षांत झालं ते नेमकं उलट. आज गावच्या शाळेचं गळकं छप्पर, बंद नळ, रिकामं शिक्षकाचं पद याबद्दल ओरड करण्याची ताकद ज्यांच्यात आहे, त्यांची मुलंच त्या शाळेत नाहीत.

उरलीसुरली सरमिसळ टिकवायचा एक मार्ग २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ठेवला होता: खासगी शाळांत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ ला तो वैध ठरवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्याने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागा देण्याचं बंधन नाही. मुंबई-पुण्यात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा कुठे नसते? मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्या बदलाला स्थगिती दिली, जुलैमध्ये तो रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. चांगलं झालं.

त्या महिन्यांत मात्र चर्चा दोनच गोष्टींची होती: या जागांच्या फीपोटी शासनाकडे संस्थाचालकांची थकलेली प्रतिपूर्ती, आणि गरीब मुलांची हुकणारी संधी. दोन्ही खऱ्या आहेत. पण वर्गातल्या उरलेल्या ७५ टक्के मुलांचं काय हुकणार होतं, हे कुणी विचारलं नाही. ज्या मुलाला पंधरा वर्षांचा होईपर्यंत एकही मित्र असा मिळाला नाही की ज्याची आई दुसऱ्याच्या घरी भांडी घासते, तो मुलगा पुढे डॉक्टर होईल, अधिकारी होईल, न्यायाधीश होईल, आणि समोर उभ्या माणसाला ओळखणार नाही. त्याचं शिक्षण अपुरं राहिलं आहे, त्याची फी कितीही असो.

या २५ टक्क्यांची एक बाजू मला अस्वस्थ करते, तीही सांगितली पाहिजे. फॉर्म भरायला, दाखले काढायला, सोडतीत नंबर लागला की धावाधाव करायला जे पालक जागरूक असतात, तेच आपली मुलं सरकारी शाळेतून काढून घेतात. म्हणजे सरकारी शाळेतली उरलीसुरली बोलकी मंडळीही निघून जातात. परिसर शाळेच्या कल्पनेला याने नुकसानच होतं. तरी, सरकारी शाळा सगळ्यांना हवीशी वाटेपर्यंत ही वाट बंद करणं अन्यायाचं आहे, असंच माझं मत आहे.

जागा मिळाली म्हणजे काम झालं असंही नाही. एका शहरातल्या शाळेत दुसरीच्या वर्गशिक्षिका दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून बाकं बदलतात. जूनमध्ये एका आईचा मेसेज आला: आमच्या मुलीला त्या मुलाशेजारी का बसवलंत? ‘त्या मुलाचे’ वडील त्याच सोसायटीत वॉचमन. बाईंनी उत्तर दिलं, चिठ्ठी तिचीच होती, पुढच्या सोमवारी बदलेल. आई मुख्याध्यापकांकडे गेली. मुख्याध्यापक बाईंच्या पाठीशी उभे राहिले. बस, एवढंच. पण ते उभे राहिले नसते तर त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला कळलं असतं की तक्रार केली की माणूस बाजूला काढता येतो. मुलं हे अचूक टिपतात. रोज परिपाठाला सगळे भारतीय आपले बांधव असल्याची प्रतिज्ञा म्हणायची, आणि सहलीचे पैसे न भरलेल्यांची नावं फळ्यावर लिहायची, यातलं त्यांच्या मनात काय राहतं ते वेगळं सांगायला नको.

प्रत्येक शाळा अशी उभी राहतेच असं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत दलित भोजनमातेने शिजवलेलं अन्न सवर्ण मुलांनी नाकारलं, आणि आधी कामावरून काढलं गेलं ते तिलाच. आपल्याकडेही २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तांदळाच्या पिशवीऐवजी शिजवलेली खिचडी सुरू झाली, तेव्हा कुणी शिजवायचं आणि कुणी कुठे बसायचं यावरून गावोगाव कुजबुज झाली. एका पंगतीला बसायची साताऱ्यातली गोष्ट कायद्याने प्रत्येक शाळेत आणून ठेवली, पण ती पार पडते की नाही हे शेवटी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या हिमतीवर ठरतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. माझ्या मुलाने समाजसुधारणेसाठी मागे का पडावं? सरकारी शाळेत इंग्रजी नाही, शिक्षक निवडणुकीच्या कामात, सर्वेक्षणात, ऑनलाइन माहिती भरण्यात अडकलेले. अशा शाळेत मी त्याला का घालू? कोणत्याही आईबापांना हे विचारायचा हक्क आहे. पण याचं उत्तर शाळा दुरुस्त करण्यात आहे, आणि तसं होतं याचे दाखले आहेत. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीची जिल्हा परिषदेची शाळा गावाने आणि शिक्षकांनी मिळून उभी केली, तेव्हा तिथे प्रवेशासाठी प्रतीक्षा यादी लागली. सेमी-इंग्रजी सुरू केल्यावर खासगी शाळेतली मुलं परत आलेली गावंही बरीच आहेत. पालकांना सरमिसळीचा तिटकारा आहे म्हणून ते गेले, असं मला वाटत नाही. बहुतेक जण शिकवण्याच्या काळजीने गेले, आणि सरमिसळ त्याबरोबर गेली.

हे सगळं प्राथमिक शाळेचं झालं. तरुण होण्याच्या ऐन वयात काय चाललं आहे ते पाहिलं की काळजी वाढते. अकरावी-बारावी विज्ञानाला मुलांचं नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात असतं आणि मुलं दिवसभर खासगी क्लासमध्ये असतात, दोघांचं ‘टाय-अप’. राज्याने २०१८ मध्ये मोठ्या शहरांतल्या विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी लावून पाहिली, व्यवहार तसाच राहिला. क्लासमध्ये मित्र म्हणजे रँकमधला प्रतिस्पर्धी. वादविवाद नाही, नाटक नाही, एनएसएस नाही, वर्गप्रतिनिधीची निवडणूक नाही. सोळा-सतराव्या वर्षी आपण कोण याचं उत्तर मुलांना हवंच असतं. ते शाळा-कॉलेजने सांगितलं नाही तर मोबाइलवरची जातीच्या अभिमानाची रील्स सांगतात, चौकातल्या फ्लेक्सवरचा दादा सांगतो. मग त्या मुलांच्या हातातले झेंडे बघून आपण तरुण पिढीला नावं ठेवतो, आणि त्यांना एकत्र बसवायची जागा मोडीत कुणी काढली ते बोलत नाही.

समूह शाळेच्या प्रस्तावाकडे मी याच नजरेने पाहते. तालुक्यातली कुठली शाळा कुठे जोडायची हे ठरवण्याआधी शासनाने आपल्याकडे असलेली माहिती उघडावी. यू-डायस या शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदणीत प्रत्येक शाळेतली मुलं सामाजिक प्रवर्गानुसार, मुलगा-मुलगीनुसार भरलेली असतात, खासगी शाळांचीही. तालुक्यातल्या सरकारी, अनुदानित आणि खासगी शाळांत कोणत्या प्रवर्गातली मुलं किती, मुली किती, याचा एका पानाचा तक्ता गटशिक्षणाधिकारी सहज काढू शकतात. गावातली किती मुलं गावातच शिकतात आणि किती बाहेर जातात, ते शाळेच्या बालगणनेच्या रजिस्टरमध्ये असतं. हे दोन्ही कागद १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत, म्हणजे जूनचे प्रवेश व्हायच्या आत गावाला त्यावर बोलता येईल: गावातली शाळा लहान का झाली, बसमध्ये चढणाऱ्यांना परत आणायला काय लागेल, आणि मुलींना कुठे ठेवलं जातंय. शिक्षकांची पदं भरणं, सेमी-इंग्रजी, दुरुस्तीचा निधी हे त्या बोलण्यातून मागता येतं. जिथे खरोखरच चार-पाचच मुलं उरली आहेत आणि वाट सोपी आहे, तिथे पालकांच्या संमतीने शाळा जोडायला माझी हरकत नाही. पण जोडल्यानंतर त्या नव्या शाळेत बागायतदाराचं मूल किती, मजुराचं किती, हा आकडाही पटसंख्येसोबत दर वर्षी मोजला गेला पाहिजे, आणि तो सुधारला नाही तर केंद्रप्रमुखाला नव्हे, प्रस्ताव काढणाऱ्या आयुक्तालयाला त्याचं उत्तर द्यावं लागलं पाहिजे.